घरकुलाची यादी आणि ई-क्लासची जागा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, धनजसारख्या गावात घरकुलाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. पारावर म्हणतात, ज्याचा सरपंच त्याचं घरकुल. तालुक्याच्या कचेरीत म्हणतात, ग्रामसभेवर सोडलं तर डोकी फुटतील, त्यापेक्षा कॉम्प्युटर बरा. बोलणारे वेगळे, पण निघणारा अर्थ एकच: गावाला निवड जमत नाही, सबब ती गावाच्या हातून काढून घ्यावी. गेली दहा वर्षं ग्रामीण घरबांधणीचा कारभार याच समजुतीवर चालला आहे. तिच्यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत गावोगाव वशिल्याची घरं झाली, ती नावानिशी दाखवता येतात. प्रश्न असा आहे, की गावाला बाजूला सारून गरिबाच्या पदरात काय पडलं?

२०१६ साली इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घेतली. निवडीसाठी आधार धरला २०११च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणाचा. त्या माहितीतून संगणकाने क्रम लावला, त्यातून ‘प्रपत्र ब’ची यादी निघाली. ग्रामसभेने ती तपासायची, अपात्र नाव काढायचं, आणि सही करायची. सुटलेलं नाव घालणं तिच्या हातात जवळजवळ नव्हतंच. नावं इतकी सुटली, की २०१८मध्ये आवास प्लस नावाचं दुसरं सर्वेक्षण करावं लागलं. तीच गावोगाव गाजलेली ‘ड यादी’. त्यातूनही राहिलेल्यांसाठी २०२४चं तिसरं सर्वेक्षण आलं, मोबाइलवरचं. २०११ साली पहिलीत असलेलं पोर आज मतदार आहे. दरम्यान लग्नं झाली, वाटण्या झाल्या, एका टिनाच्या घराची तीन झाली. हे सगळं गावाला माहीत होतं, यादीला नव्हतं.

पण संगणक पक्षपात तरी करत नाही, असा यावर प्रतिवाद होतो. खरंच करत नाही. तो दिलेला निकष डोळे मिटून लावतो, आणि गोम नेमकी तिथेच आहे.

नव्या सर्वेक्षणासाठी अपात्रतेचे निकष सैल केल्याचा बराच गाजावाजा झाला. दुचाकी, फ्रिज आणि घरचा फोन या तीन अटी गेल्या, महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर आली. चांगलंच झालं. पण त्याच फेरबदलात जमिनीची अट काय झाली, याची चर्चा फारशी झाली नाही. आधीच्या निकषांत जमीन ओलिताशी बांधलेली होती: विहीर, पंप, दोन हंगामांचं पाणी असेल तर एकरांचा हिशेब. आता अडीच एकर किंवा जास्त ओलित, नाहीतर ५ एकर किंवा जास्त कोरडवाहू, यांपैकी काहीही असलं की नाव बाद.

हे धनजच्या शिवारात लावून पाहू. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि मधे तुरीची तासं. पाऊस धड लागला तर सोयाबीन एकरी पाच क्विंटल धरू. २०२४-२५चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि हंगामात बाजार त्याच्या बराच खाली होता. सव्वाचार हजारांनी विकलं तरी पाच एकरांची उलाढाल लाखाच्या आसपास. यातून बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी वजा करायची, आणि उरलेल्यात वर्ष काढायचं. हा माणूस सरकारदरबारी घर बांधण्याइतका सधन. उलट कोल्हापूरकडचा दोन एकर उसाचा मालक, एकरी चाळीस टन उतरवणारा, जमिनीच्या अटीत बिनबोभाट बसतो. उसावाल्याला घर मिळू नये असं इथे कुणी म्हणत नाही. मराठवाडा, विदर्भ आणि पंचगंगेचं खोरं एकाच फुटपट्टीने मोजणाऱ्याला निःपक्षपाती म्हणायचं का, एवढाच सवाल आहे.

त्याहून विचित्र अट किसान क्रेडिट कार्डाची. कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त असली की घरकुल नाही. अडीच-तीन एकर सोयाबीनचं पीककर्ज घेतलं तरी मर्यादा तिथवर पोचते. म्हणजे शेतकऱ्याने सावकाराकडे न जाता बँकेत जाऊन कर्ज काढलं, हीच त्याच्या श्रीमंतीची खूण ठरली. सावकाराचा कर्जदार मात्र पात्र! असा निकष कोणत्याही ग्रामसभेने कधी काढला नसता. तिथे कुणाच्या कार्डावर किती आहे आणि कोणाची थकबाकी कशामुळे आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

गावाच्या हातात पैसा दिला की काय होतं, यासाठी महाराष्ट्रात नेहमी जळगाव शहरातल्या घरकुल घोटाळ्याचा दाखला दिला जातो. तो देणं रास्तच आहे. अकरा हजारांहून अधिक घरकुलांचं कंत्राट, त्यातली थोडीच उभी राहिली, आणि ऑगस्ट २०१९मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. निकालावर अपिलं झाली, ती बाब वेगळी. पण जळगावचा बोध स्थानिक स्वराज्याच्या विरोधात जात नाही. तिथे सामान्य नगरसेवकाने ठरावावर हात वर केला, पण कुठलं घर कुणाला आणि कुठे, हे रहिवाशांसमोर कधी आलंच नाही. निर्णय बंद दाराआड, पैसा आगाऊ ठेकेदाराकडे, आणि लाभार्थी चित्रात कुठेच नाही. शिवाय २००६ साली फिर्याद दिली ती त्याच महापालिकेच्या आयुक्तांनी. त्यामुळे जळगावमधून निघालाच तर एवढा निष्कर्ष निघतो: ठेकेदार नको आणि झाकपाक नको. ग्रामीण घरकुलात ठेकेदार नाहीच. तिथे घर मालक स्वतः बांधतो.

कसं बांधतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. मंजुरी आली की मोकळ्या जागेवर त्याला उभं करून फोटो काढतात, अक्षांश-रेखांशासकट. मग १५ हजारांचा पहिला हप्ता. तेवढ्यात पाया खणायचा, गिट्टी आणायची आणि लोखंडाच्या दुकानात उधारी मांडायची. पाया झाला, जोत्यावर आलं, की पुन्हा फोटो, पुन्हा वाट. भिंती झाल्या की फोटो. अॅपला नेटवर्क मिळालं नाही, अभियंत्याकडे तालुक्यातली डझनभर गावं असली, की सेंट्रिंगच्या फळ्यांचं भाडं चढत राहतं. सज्जे नसलेल्या भिंती आणि वर गंजत चाललेले कॉलमचे गज विदर्भातल्या कुठल्याही गावात दिसतील. ती माणसं आळशी नाहीत, हप्त्याच्या रांगेत आहेत.

म्हणूनच ‘फुकटची घरं’ हा दुसरा आक्षेप टिकत नाही. मैदानी भागात घराला १ लाख २० हजार रुपये, हा आकडा २०१६पासून तोच आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. भागाकार केला तर फुटाला साडेचारशे रुपयेही पडत नाहीत. या भावात गवंडी नुसता पत्राही चढवून देणार नाही. शौचालयाचे १२ हजार, रोजगार हमीतली ९० दिवसांची मजुरी, आणि २०२५मध्ये राज्याने दिलेली ५० हजारांची भर धरली (त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी) तरी बेरीज २ लाख १० हजारांच्या आसपास थांबते. वरचा खर्च घरधनी उचलतो: बायकोचं सोनं, बचत गटाचं कर्ज, पुण्याला कंपनीत असलेल्या पोराची उचल. पाच ब्रास रेती मोफत द्यायचं धोरण आहे, पण ती घाटावरून घरापर्यंत आणणाऱ्या ट्रॅक्टरचं भाडं फुकट नाही. सरकार अर्धं देतं, अर्धं गरीब घालतो, आणि फुकट्या म्हणून नाव त्याचंच होतं.

आता जागेकडे वळू. घरकुल मंजूर, नाव यादीत, पैसे तयार, आणि फाइलवर शेरा: जागेअभावी प्रलंबित. नमुना आठवर आजोबांचं नाव, चार भावांचा हिस्सा, एकाचं संमतीपत्र अडलेलं. शंभराच्या स्टॅम्पवर भागण्याचे दिवसही ऑक्टोबर २०२४मध्ये संपले, आता पाचशेचा लागतो. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित जागाच नाही, ते ई-क्लासवर. अकोला-वाशीमकडे गायरान, पडीक अशा सरकारी जमिनीला हाच शब्द आहे.

या जमिनीवर वरून आलेले आदेश एकमेकांना छेद देणारे. जानेवारी २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली. त्यातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही ठेवला, ही गोष्ट सांगायची राहून जाते. २०१८मध्ये राज्य सरकारने १ जानेवारी २०११पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा निर्णय घेतला, घरकुल मिळावं म्हणूनच. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेर हटवण्याचा आदेश दिला, दोन लाखांहून अधिक बांधकामांचा प्रश्न उभा राहिला, आणि सरकार फेरविचारासाठी धावलं. या गोंधळात ग्रामपंचायतीने गप्प बसणं पसंत केलं, कारण मोजणी झाली की सगळंच उघडं पडतं. ई-क्लासवर गरिबाची झोपडी असते तशी वजनदारांची पेरणी आणि तारेची कुंपणंही असतात.

स्थानिक स्वराज्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी इथे गावालाही धारेवर धरायला हवं. लाभार्थ्यांच्या नावांसाठी भांडणारी ग्रामपंचायत जागेचा ठराव घ्यायची वेळ आली की तहसीलदाराकडे बोट दाखवते. अंतिम मंजुरी वरची असली तरी गावठाण वाढवण्याची मागणी, अतिक्रमणांची नोंद, किती भूखंड निघतील याचा नकाशा, याची सुरुवात गावातूनच व्हावी लागते. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत जागा विकत घ्यायला मिळणारी मदत ५० हजारांवरून १ लाखावर नेली, पण हमरस्त्याच्या कडेच्या गावात ५०० फूट जागा त्या भावात विकणारा शोधायचा कुणी?

निकषांच्या बाबतीत निराधारांच्या पगाराचंही काही वेगळं नाही. १९८०पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे २१ हजारांची. महिन्याला १,७५०. लाडकी बहीण योजनेला अट आहे अडीच लाखांची. दोन्हींचं मानधन ठरलं १,५०० रुपये. २१ हजारांत आज एका माणसाचंही वर्ष निघत नाही, हे तलाठ्याला, तहसीलदाराला आणि योजनेच्या तालुका समितीला पक्कं माहीत असतं. तरी दाखल्यावर तोच आकडा येतो. कायद्यानेच विधवा म्हातारीला खोटं लिहायला लावायचं, आणि मग खोट्या लाभार्थ्यांच्या शोधमोहिमा काढायच्या. अशा निकषांना पारदर्शक म्हणणाऱ्यांनी एकदा तहसीलच्या खिडकीसमोर उभं राहावं.

आणि तक्रार करायची कुणाकडे? वाशीम जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२०मध्ये झाली. पुढच्याच वर्षी आरक्षणाच्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या जागा रिकाम्या होऊन पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या, आणि जानेवारी २०२५मध्ये मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. २२ फेब्रुवारी २०२५ला पुण्यात राज्यातल्या २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रं वाटली गेली, तेव्हा वाशीमची जिल्हा परिषद लोकनियुक्त नव्हती. वाशीम हा २०१८पासून आकांक्षित जिल्हा. अशा जिल्ह्यांची क्रमवारी लावताना पूर्ण झालेली घरं मोजली जातात. सुटलेली कुटुंबं मोजण्याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

केरळमध्ये उलट्या टोकाने सुरुवात झाली. १९९६च्या लोकनियोजन मोहिमेनंतर तिथे पंचायतींकडे खरा निधी गेला, आणि पुढे लाइफ मिशनमध्ये लाभार्थ्यांच्या याद्या ग्रामसभेतून पक्क्या होऊ लागल्या. घरामागे मदत ४ लाख. तिथेही भांडणं होतात, पण सभेत होतात. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातही व्यक्तिगत लाभाच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभेने निवडावेत अशी तरतूद आहेच. तेव्हा नवा कायदा नको. सर्वेक्षण अॅपवर व्हावं, ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझापही करून घ्यावी. पण बाद झालेलं प्रत्येक नाव कारणासह सभेत वाचलं जावं, आणि पाच एकर कोरडवाहू किंवा पीककर्जाच्या कार्डामुळे बाद झालेलं नाव लेखी कारण देऊन परत घेण्याचा अधिकार सभेला असावा. त्याच सभेत ई-क्लासचा आणि गावठाणाचा नकाशा भिंतीवर लावावा, कुणाचं किती दाबलंय त्यासकट.

लोक ग्रामसभेला येतच नाहीत, हा शेवटचा आक्षेप. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी असतील तेवढे लागतात. ते जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची गरजच नसते. दहा माणसांत यादी मंजूर होते ती याच वाटेने, आणि ही वाट कचेरीत बसलेल्यांना चांगली ठाऊक आहे. लाभार्थ्यांची यादी आणि जागेचा ठराव हे दोन विषय तहकूब सभेत घेता येणार नाहीत, एवढी एक ओळ नियमात घातली तर माणसं गोळा करण्याची गरज सरपंच आणि ग्रामसेवक दोघांनाही पडेल. यादीत कोण राहिलं ते वाचून दाखवणार आहेत, अशी दवंडी फिरली तर धनजमध्ये शंभर माणसं जमवायला वेळ लागणार नाही.