शासन व्यापाऱ्यास, उपचार रुग्णास

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील मेफेड्रोनचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला, तेव्हापासून असे प्रतिपादन ऐकू येते, की उत्तेजक द्रव्य करणारा, विकणारा आणि सेवन करणारा या तिघांनाही एकाच बेडीत जखडावे, आणि ज्या गोळ्यांतून विद्यार्थ्यांना जागरणाची चटक लागते त्या बाजारातून समूळ हद्दपार कराव्यात. या प्रतिपादनामागील संताप न्याय्य आहे. निष्कर्ष मात्र अन्यायाचा आहे.

प्रथम गोळीचा विचार करू. अवधान टिकत नाही अशा विकाराने ग्रासलेल्या मुलाचे चित्त मेथिलफेनिडेट ठिकाणावर आणते. तेच औषध परीक्षार्थी तरुण डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ लागला, की झोप व भूक हरपते, हृदयाचे ठोके वाढतात आणि मात्रा चढत जाते. म्हणूनच औषध नियमावलीने त्यास परिशिष्ट ‘एक्स’मध्ये घालून, चिठ्ठीची एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे दप्तरी ठेवावी असे फर्मावले आहे. अंमलात कसूर होत असेल तर दप्तराची तपासणी कडक करावी. खऱ्या रुग्णाचे औषध हिरावून घेऊ नये.

तुरुंगाचा पुरस्कार करणाऱ्यांनी १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४-अ ध्यानात घ्यावे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनाधीन मनुष्य स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार पूर्ण करील, तर ते त्यास खटल्यापासून अभय देते.

अफूजन्य व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आहे, उत्तेजकांच्या व्यसनावर तसे प्रस्थापित औषध नाही, सबब उपचार व्यर्थ, हा तिसरा आक्षेपही टिकत नाही. विचार व वर्तन पालटविणारे समुपदेशन, आणि तपासणीत द्रव्यमुक्त ठरणाऱ्यास लहानसे पारितोषिक देण्याची पद्धती, यांची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे. द्रव्य सुटताच येणारी खिन्नता आत्मघाताच्या विचारापर्यंत नेऊ शकते. अशा वेळी कोठडीपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख अगत्याची. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र स्थापिले, तेही गर्दच्या आहारी गेलेल्यांना रुग्ण मानूनच.

तेव्हा कारखानदारावर कायद्याचा पूर्ण भार पडावा, औषध दुकानांच्या दप्तरांवर सक्त नजर असावी, आणि व्यसनाधीनास उपचाराचा हक्क निःशंकपणे मिळावा. नाशिक जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात, मुलाला घेऊन आलेल्या आईला पोलिसांची धास्ती न बाळगता डॉक्टरांसमोर बसता आले पाहिजे; तेवढी तजवीज करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.