बरणीतला फायटर

"फायटर मासा वरची हवा घेतो, त्याला बरणी पुरते," असे दुकानात सांगतात. हे अर्धसत्य आहे. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७५ मिलिग्रॅम असतो. ही हवा फायटर कल्ल्यांवरील घडीदार इंद्रियात घेतो. आपल्याकडील मरळ मासा तर वर येऊ दिला नाही, तर पाण्यातच गुदमरतो.

परंतु शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यातच जातो. बरणीतल्या थोड्या पाण्यात तो लवकर साठतो व घातक ठरतो. तग धरणे म्हणजे सुखात असणे नव्हे. फायटर पाळायचाच, तर दहा-पंधरा लिटरची टाकी द्या, झाकणाखाली हवेला जागा ठेवा, दर आठवड्याला थोडे पाणी बदला. एवढे जमणार नसेल, तर तो आणूच नका.