बिचारा म्हणण्याआधी

१९९५ च्या एप्रिलमध्ये सिअ‍ॅटलच्या किंगडोममध्ये यूसीएलएने आर्कान्सॉला ८९-७८ असं हरवून अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचं अजिंक्यपद मिळवलं. त्या सामन्यात यूसीएलएच्या एड ओबॅननने एकट्याने ३० गुण आणि १७ रिबाउंड घेतले होते. त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या न्यू जर्सी नेट्सने त्याला वार्षिक निवडीत नवव्या क्रमांकावर निवडलं. दोन मोसमांत त्याची एनबीए संपली. पुढे काही वर्षं परदेशी संघ, आणि अखेर लास वेगासजवळ मोटारविक्रीची नोकरी. अमेरिकी क्रीडापत्रकारांनी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, आणि सांगताना स्वर ठरलेला: कुठे तो विजेता, कुठे हा गाड्या विकणारा, बिचारा!

हा स्वर खोटा आहे. त्याला उत्तर म्हणून कॉलेजांचे कैवारी जो दुसरा स्वर लावतात, तोही तितकाच खोटा आहे. ते म्हणतात, एनबीए राहू द्या, कॉलेजचा खेळ माणूस घडवतो. बघा, किती सिनेटर झाले, किती वकील झाले. पहिला पक्ष एनबीएत न टिकलेल्याला वाया गेलेला ठरवतो. दुसरा निवडक थोरांची यादी वाचून बाकीच्यांचा हिशेब बुडवतो. एक प्रश्न मात्र दोघेही शिताफीने टाळतात. मुलाने चार वर्षं घाम गाळला, त्या बदल्यात कॉलेजने शिक्षण कबूल केलं होतं; ते त्याला मिळालं का?

आधी ‘वाया गेला’वाल्यांचा समाचार घेऊ. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या छत्राखाली, तिन्ही विभाग मिळून, एका वेळी सुमारे अठरा हजार पुरुष बास्केटबॉल खेळतात. एनबीएच्या वार्षिक निवडीत दोन फेऱ्यांत फार तर ६० नावं पुकारली जातात, आणि त्यांतली काही परदेशी मुलांची असतात. अशा वेळी एनबीए न मिळणं याला अपयश म्हणायचं, तर संगीत विशारद झालेल्या प्रत्येकाला सवाई गंधर्व महोत्सवात गायला बसवलं नाही म्हणून बेसूर ठरवावं लागेल. बाकीचे हजारो कुठे जातात? शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी त्याच शाळेचा संघ घडवतात. विमा विकतात, वैद्यकीय उपकरणं विकतात, पोलिसांत आणि सैन्यात जातात. एंटरप्राइजसारख्या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्या तर कॉलेजचे खेळाडू मुद्दाम हेरून नोकरीला घेतात. बरेच जण तुर्कस्तान, इस्राएल, जपान, फिलिपिन्स अशा देशांत काही मोसम खेळतात आणि तिशीच्या आसपास घरी परतून आयुष्यातला पहिला नोकरीचा अर्ज भरतात. ‘हूप ड्रीम्स’ या १९९४ च्या माहितीपटातला शिकागोचा विल्यम गेट्स मार्क्वेट विद्यापीठात खेळला आणि पुढे धर्मोपदेशक झाला. डीपॉ या छोट्या कॉलेजात खेळलेला ब्रॅड स्टीव्हन्स एलाय लिली या औषध कंपनीत लागला होता. २००० साली ती नोकरी सोडून तो बटलर विद्यापीठाच्या प्रशिक्षकवर्गात शिरला, त्याच बटलरला २०१० आणि २०११ असे लागोपाठ दोनदा अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला, आणि पुढे बॉस्टन सेल्टिक्सचा मुख्य प्रशिक्षक झाला.

‘खेळून पोट भरतं का?’ हा आपल्या घरांतला जुना सवाल याच पक्षाचा. महाराष्ट्राने त्याला आपल्या पद्धतीने उत्तर दिलं: सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. शिवाय रेल्वे आहे, पोलीस आहेत. आपण पदकाला नोकरी जोडली. अमेरिकेने खेळाला कॉलेजची जागा जोडली. म्हणून तिथल्या व्यवस्थेची परीक्षा खेळाडू पुढे कोणत्या हुद्द्यावर बसला यावर घेता येत नाही. ती त्या जागेवर त्याला काय शिकवलं यावरच घ्यावी लागते.

आणि ओबॅननला बिचारा म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचावं. गाड्या विकत असतानाच त्याला एका ओळखीच्या घरातल्या मुलाचा व्हिडिओ गेम दिसला. पडद्यावर यूसीएलएचा तो संघ, त्यात ३१ क्रमांकाचा, डावखुरा, त्याच्याच चणीचा खेळाडू. नाव तेवढं गाळलेलं, आणि त्याला एक पैसाही दिलेला नाही. २००९ साली त्याने एनसीएएवर दावा लावला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी निकाल दिला की खेळाडूच्या नावारूपाच्या मोबदल्यावर एनसीएएने घातलेली बंदी मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. वरच्या न्यायालयाने त्या निकालाला थोडी कात्री लावली, पण तट फुटला होता. २०२१ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरच्याच ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालय नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात गेलं आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावायची मुभा मिळाली. हे काम संघात जागा टिकवायची असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला जमलं नसतं. ते मोटारविक्रेत्याला जमलं, कारण त्याची रोजीरोटी कोणत्याही प्रशिक्षकाच्या हातात नव्हती.

आता थोरांच्या यादीकडे. तिच्यात बिल ब्रॅडली नेहमी पहिला असतो: प्रिन्स्टनचा खेळाडू, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, न्यूयॉर्क निक्सबरोबर दोन अजिंक्यपदं, मग १९७९ ते १९९७ न्यू जर्सीचा सिनेटर. तिथल्या एडिसन गावाच्या आसपास पूर्वीच स्थिरावलेल्या मराठी मंडळींना तो खेळाडूपेक्षा सिनेटर म्हणूनच आठवत असेल. त्याच्यामागे आर्नी डंकन, हार्वर्डच्या संघाचा सहकर्णधार, ऑस्ट्रेलियात काही वर्षं व्यावसायिक खेळाडू, आणि २००९ पासून ओबामांचा शिक्षणमंत्री. येलचा क्रिस डडली एनबीएत सोळा मोसम खेळून २०१० मध्ये ओरेगनच्या गव्हर्नरपदासाठी लढला आणि हरला.

यादी खरी आहे. पण ती नीट वाचा. प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल ही सगळी आयव्ही लीगची विद्यापीठं, आणि आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाही! ‘खेळ, आणि त्या बदल्यात शिक्षण घे’ हा जो सौदा वादात आहे, तो या तिघांनी कधी केलाच नव्हता. ब्रॅडलीचे वडील बँक चालवत होते, डंकनचे वडील शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होते. जिथे सौदा नाही तिथली फळं दाखवून सौद्याचं झाड गोड ठरवायचं, असा हा युक्तिवाद आहे. मेरीलँड विद्यापीठाचे टॉम मॅकमिलन आणि लेन एल्मोर हे खरे शिष्यवृत्तीवाले. मॅकमिलन अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला. एल्मोर दहा वर्षं व्यावसायिक खेळून मग हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन ब्रुकलिनमध्ये सरकारी वकील झाला. या दोघांचं कौतुक करावं तितकं थोडं. पण एल्मोर कायदा शिकला तो खेळ संपल्यावर, खेळ चालू असताना नव्हे, आणि मला नेमकं तेच सांगायचं आहे.

कारण खेळ चालू असताना काय होतं, याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे. केव्हिन रॉस १९७८ मध्ये क्रेटन विद्यापीठात आला. प्रवेशपरीक्षेत त्याचे ३६ पैकी ९ गुण होते आणि तिथल्या विद्यार्थ्यांची सरासरी २३ च्या पुढे होती. चार वर्षं तो खेळला. मातीकाम, नेमबाजी आणि बास्केटबॉलचे सिद्धान्त असे विषय त्याला घ्यायला लावले गेले. बाहेर पडला तेव्हा पदवीला लागणाऱ्या १२८ पैकी ९६ श्रेयांक खात्यावर होते, आणि निकालपत्रात नोंदल्याप्रमाणे भाषेची एकूण समज चौथीच्या मुलाची. सहा फूट नऊ इंचांचा हा तरुण मग शिकागोत मार्व्हा कॉलिन्स यांच्या शाळेत लहान मुलांच्या शेजारी बसून वाचायला शिकला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की ‘वाईट शिकवलं’ म्हणून विद्यापीठावर दावा चालत नाही, पण कबूल केलेलं शिक्षण द्यायचंच टाळलं असेल तर कराराच्या भंगाचा दावा चालू शकतो. प्रकरण ३०,००० डॉलरवर मिटलं. क्रेटनने दोष मान्य केला नाही.

‘जुनी गोष्ट आहे’ असं कोणी म्हणेल. मग नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं घ्या, जिथे मायकेल जॉर्डन खेळला. २०१४ च्या चौकशी अहवालाने दाखवून दिलं की तिथे तब्बल अठरा वर्षं असे वर्ग चालले, ज्यांत तास नव्हते, शिक्षक नव्हता, एक निबंध दिला की चांगली श्रेणी ठरलेली. सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा केली नाही. कारण काय, तर हे वर्ग सर्वांनाच खुले होते! पदवीचं पोकळपण सर्वांना सारखं वाटलं की ते माफ, असं हे न्यायशास्त्र.

इथे ‘मुलंच आळशी, त्यांना शिकायचंच नसतं’ हा तिसरा पक्ष उभा राहतो. मोसमात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव नको, असा नियम १९९१ पासून आहे. पण एनसीएएच्याच पाहण्यांत खेळाडू तीसच्या वर तास सांगतात, कारण प्रवास, उपचार, चित्रफिती पाहणं आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम यांची गणना वेगळी होते. त्यात पात्रतेचा नियम असा की दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० टक्के, चौथ्याअखेर ८० टक्के भाग पुरा हवा. कागदावर हा नियम शिस्तीचा दिसतो. प्रत्यक्षात, दुसऱ्या वर्षी ज्याला जीवशास्त्राची गोडी लागते त्याने विषय बदलला की जुने श्रेयांक मोजणीतून गळतात आणि त्याच्या खेळण्यावरच गदा येते. मग दुपारचे प्रयोगशाळेचे तास आणि सराव यांच्यात निवड करायची वेळ येते तेव्हा मुलगा काय निवडेल? सल्लागार सोपा विषय सुचवतात, अख्खा संघ तोच विषय घेतो, आणि आपण मुलांना आळशी म्हणतो. पुन्हा १९७३ पासून कित्येक दशकं शिष्यवृत्ती एकेक वर्षाची असे. प्रशिक्षकाची मर्जी गेली की तीही जायची.

आळसाच्या आरोपाला खरं उत्तर मुलींनी दिलेलं आहे. टेनेसी विद्यापीठात पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ मुलींचा संघ चालवला आणि आठ अजिंक्यपदं जिंकली. तिथे खेळण्याची मुदत पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. सराव काही कमी नव्हता. समिट यांच्या करड्या नजरेला मुली टरकून असत. व्हर्जिनिया विद्यापीठात खेळलेली व्हॅल अ‍ॅकरमन एक मोसम फ्रान्समध्ये खेळून कायदा शिकली आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगची पहिली अध्यक्ष झाली. खेळ तोच, घाम तोच. फरक एवढाच की वर्गात न जाणाऱ्या मुलीला टेनेसीत संघात जागा नव्हती. तेव्हा खेळ अभ्यासाला खातो हे म्हणणंही खोटं, आणि खेळ आपोआप चारित्र्य घडवतो हेही खोटं.

पदवीधरांच्या आकड्यांवरही सावधपणे विश्वास ठेवावा. एनसीएए आपल्या मोजणीने पुरुष बास्केटबॉलपटूंचं पदवीचं प्रमाण आज ऐंशी टक्क्यांच्या पुढे सांगते. या मोजणीत चांगल्या श्रेणीत असताना कॉलेज सोडून गेलेला मुलगा त्या कॉलेजच्या हिशेबातून वगळला जातो. सरकारी मोजणी त्याला वगळत नाही, म्हणून तिचा आकडा बराच खाली येतो. तरी शिस्तीचा बडगा उपयोगी पडतो, हे मान्य करायला हवं. डंकन यांनी शिक्षणमंत्री असताना दडपण आणलं, निकष कडक झाले, आणि अभ्यासातल्या कामगिरीपायी कनेटिकट विद्यापीठाच्या संघाला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर बसावं लागलं. पुढच्याच वर्षी तो संघ अजिंक्य ठरला. त्याच स्पर्धेत त्यांचा खेळाडू शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० मध्ये चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले होते. काही दिवसांत एनसीएएला जेवणावरची मर्यादा उठवायची उपरती झाली.

आता ताजा पक्ष. जून २०२५ मध्ये विल्कन यांनीच मंजूर केलेल्या, खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या तडजोडीनुसार कॉलेजं आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी एकूण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. म्हणून ऐकू येतं की मुलांना पैसे मिळाले, हिशेब चुकता झाला, पदवीचं रडगाणं थांबवा. मजुरी मिळाली हे उत्तमच, ती फार आधी मिळायला हवी होती. पण त्या पैशाचा मोठा वाटा मोजक्या चेहऱ्यांना जाणार, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेकांचा ओघ आटणार. दुसरीकडे २०२४ पासून दरवर्षी कॉलेज बदलायची मोकळीक झाली आहे. चार वर्षांत तीन विद्यापीठं फिरलेल्या मुलाचे श्रेयांक प्रत्येक मुक्कामी थोडे थोडे गळतात. बाविसाव्या वर्षी त्याच्या बँकेत काही रक्कम असेल, पण कोणत्याही एका विद्यापीठाला तो आपला वाटणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे: कबूल केलेली पदवी मुदतीच्या अटीशिवाय पुरी करू द्या. तिचा अर्धा भाग मान्यही झालेला आहे. माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस यांच्या कॉलेज बास्केटबॉलवरच्या आयोगानंतर २०१८ मध्ये एनसीएएने ठरवलं की निदान दोन वर्षं शिकून गेलेला शिष्यवृत्तीधारक बास्केटबॉलपटू पदवी पुरी करायला परतला, तर पहिल्या विभागातल्या कॉलेजने त्याचा खर्च उचलावा. अट अशी की सोडून गेल्याला दहा वर्षं झालेली नसावीत. ही दहा वर्षं कोणी आणि का ठरवली? परदेशांत खेळणारा माणूस तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी परततो, पुढची काही वर्षं संसार सावरण्यात जातात, आणि शिकण्याची निकड त्याला त्यानंतर जाणवते. एनबीएचा तारा स्टेफन करी याने २००९ मध्ये डेव्हिडसन कॉलेज सोडलं आणि समाजशास्त्राची पदवी २०२२ मध्ये पुरी केली, म्हणजे तेरा वर्षांनी. त्याला शुल्काची फिकीर नव्हती. त्याच्याच वर्षी कॉलेज सोडून तुर्कस्तानात खेळून परतलेला एखादा विमा एजंट २०२२ मध्ये कॉलेजच्या दारात गेला असता, तर नियमाने त्याला सांगितलं असतं की तुमची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली.