जुनी गाडी तापते, दोष एकट्या उन्हाचा नाही

भर दुपारी बॉनेट उघडून उभी असलेली जुनी जीप किंवा ॲम्बेसेडर दिसली, की चंद्रपूर-गडचिरोलीत कोणी कारण विचारत नाही. मे महिना आहे, पारा ४५ च्या पुढे आहे, गाडी तापणारच, असे म्हणून सगळे मोकळे होतात. रेडिएटरमध्ये बाटलीभर पाणी ओतले जाते आणि गाडी पुढच्या गावापर्यंत रेटली जाते. या सवयीनेच जुनी इंजिने मरतात.

उन्हाचा वाटा आहेच. रेडिएटर पाण्यातली उष्णता हवेला देतो, आणि दोघांच्या तापमानात जितकी तफावत तितकी ती झपाट्याने जाते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल, तर ही तफावत ६५ अंशांची. हवा ४७ वर गेली की ४३ च उरते. त्याच रेडिएटरची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने घटते. स्वच्छ रेडिएटर ही घट सोसतो; क्षारांनी अर्धा बुजलेला सोसू शकत नाही. त्यात महायुद्धकाळातल्या विलीज जीपचे इंजिन साइड-व्हॉल्व्ह बनावटीचे. जळालेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो आणि भोवतालचे पाणी आणखी तापवतो.

दोष कुठे आहे, हे बहुतेक वेळा गाडीच सांगते. आलापल्ली-भामरागडसारख्या जंगलातल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये तापणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर तिला हवा कमी पडते आहे. फॅन बेल्ट ढिला असेल किंवा जाळीत गवताचे बी आणि धूळ अडकली असेल. उलट, वेगात किंवा चढावर तापमानाचा काटा चढत असेल, तर पाणी नीट फिरत नाही. अशा वेळी रेडिएटर आणि पाण्याचा पंप आधी पाहावा. थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे आले आणि सायलेन्सरचा पांढरा धूर थांबत नसेल, तर संशय हेड गॅस्केटवर घ्यावा. इग्निशनचे टायमिंग मागे पडले तरी इंजिन तापते.

काटा जागेवर असूनही गाडी बंद पडली, तर पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाकून थोडा वेळ थांबले, की ती बहुधा सुरू होते.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. तो पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहावा. ठरलेल्या अंशाला उघडला नाही, तर नवा बसवावा. त्याच्याविना हिवाळ्यात इंजिन पुरेसे गरम होत नाही आणि सिलिंडर झिजतात. बोअरचे जड पाणीही टाळावे. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचा खर्च नव्या हेड गॅस्केटपुढे काहीच नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे आणि तापल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतणे, दोन्ही घातक. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने ब्लॉक तडकतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. पण अशा गाड्यांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर खोलून, नळ्या साफ करून पुन्हा झाळणारे हात कमी होत आहेत, कारण नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर दुरुस्त करण्यापेक्षा बदललेच जातात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आयटीआयनी जुन्या कारागिरांना मानधन देऊन हे काम मुलांना शिकवावे. गाडीमालकांनीही मे महिन्याची वाट न पाहता फेब्रुवारीतच रेडिएटर खोलून घ्यावा.