नानी नसेल तर?

मूल लहान असताना बाईने नोकरी करावी का, हा वाद आपल्या घरांत बहुतेकदा एकाच वाक्यात मिटतो: ‘नानी आहे ना.’ माझंही तसंच. अम्मीचे गुडघे दुखतात, तरी माझ्या मुलीला ती सांभाळते, म्हणून मी जोगेश्वरीहून अंधेरीला कामावर जाते. तिच्या या राबण्याला घरात कुणी काम म्हणत नाही.

आणि नानी गावाला असेल, किंवा नसेलच तर? आमच्या गल्लीत अशा बाया घरीच पीसवर काम घेतात. मणी ओवणं, धागे कापणं, टिकल्या लावणं. मांडीवर मूल, हातात सुई. कारखान्यात गेली तर जास्त मिळेल हे तिलाही कळतं, पण मूल ठेवायचं कुठे?

कायदा काय म्हणतो बघा. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती होती, पण ३० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तरच. म्हणजे बाया कमी घेतल्या की मालक मोकळा व्हायचा. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी हा आकडा धरला. हे चांगलंच झालं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. मात्र दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा आईला. बापाचं नावच नाही! सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाचं दूध तोडण्याचा निर्णयसुद्धा दोघांनी सल्ल्याने घ्यायचा आहे. आपले भाई लोक ती आयत कधी वाचतात कोण जाणे.

पण आठ माणसांच्या वर्कशॉपला किंवा घरी पीसवर काम करणारीला यातलं काहीच लागू नाही. तिच्यासाठी उरते अंगणवाडी. ती काही तासांत सुटते, तेवढ्यात पाळी भरत नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. आपल्या वॉर्डात ते कुठे आहे, नसेल तर का नाही, हे नगरसेवकाला आपणच विचारायला हवं.

‘परक्या बाईकडे मूल कसं ठेवायचं?’ हा आक्षेप मी नेहमी ऐकते. पैगंबरसाहेबांचं बालपण हलीमा सादियांकडे गेलं, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केलं, तेही बांधकामाच्या जागेवर. तिथे जमलं, तर आपले शादी हॉल दिवसभर कुलूपबंद का असतात? चटया, पाणी, स्वच्छ संडास आणि वस्तीतल्याच दोन पगारी बाया, एवढ्यावर सुरुवात होते. बायांचा पगार बैतुलमालमधून निघू शकतो का, हेही कमिट्यांनी बघावं.

एका हॉलच्या कमिटीला मी विचारलं. त्यांनी आधी भाडं किती देणार ते विचारलं. पुढच्या इतवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी चार बापांना घेऊन.