लपवलेले लग्न, पगारी लग्न

‘झी मराठी’वर २०१४ साली सुरू झालेल्या ‘का रे दुरावा’ या मालिकेत जय आणि अदिती नोकरीसाठी कचेरीत आपले लग्न लपवतात. २०१६ च्या ‘निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु’ या जपानी मालिकेतली मिकुरी पगारी घरकामासाठी करारापुरते लग्न करते. पुढे प्रेम जुळते. पण लग्नानंतर पगार थांबणार हे कळताच ती त्याला प्रेमाचे शोषण म्हणते. दोन्ही मालिका हलक्याफुलक्याच. आपली गंमत मात्र चोरट्या भेटींत रमते. जपानी विनोद श्रमाचा हिशोब मागतो. पिंपळगाव बसवंतच्या परिसरात घरच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या स्त्रीची मजुरी सहसा कुठल्याच वहीत नसते. आपल्या प्रेमकथांनी तरी ती मांडू नये काय?