माझ्या खड्यात एक रेघ आहे

साखरपुड्याला दीड महिना उरला असताना माझ्या अंगठीतलं माणिक मेलं. अंगठी जरा घट्ट होत होती, म्हणून आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडे नेली. त्यांनी कडं कापलं, सोन्याचा बारीकसा तुकडा मध्ये घातला, डाग दिला. ज्योत बाजूला केली तेव्हा लालभडक खड्यावर पांढुरकं जाळं पसरलेलं होतं, थंडीत फुटलेल्या ओठांसारखं. काकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"ताई, माणिकाला एवढ्याशा ज्योतीनं असं होत नाही. चाळीस वर्षं हेच करतोय मी. हे काहीतरी वेगळंच आहे."

त्या वेगळ्याचं नाव पुढे प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर आलं: शिसं असलेल्या काचेनं भरलेलं माणिक. खाणीतून अतिशय हलक्या प्रतीचे, तडे गेलेले, जवळजवळ अपारदर्शक दगड घेतात, आम्लानं धुतात आणि तापवून त्यांच्या भेगांत ही काच जिरवतात. काचेतून आणि माणकातून प्रकाश जवळपास सारखाच वळतो, त्यामुळे भेगा डोळ्याला दिसेनाशा होतात आणि खडा एकदम झळाळतो. साधारण २००४ पासून असा माल जगभरच्या बाजारात आहे. तो ज्योत सोसत नाही, सोनाराचं तेजाब सोसत नाही, लिंबाचा रससुद्धा त्यातली काच खातो. म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळताना मी अंगठी काढून ठेवायला हवी होती.

खडा होता २.३ कॅरेटचा, बिल ३७,००० रुपयांचं, आणि बिलावर लिहिलेलं होतं 'नॅचरल रुबी'. दुकानात जाऊन भांडले. काउंटरमागचा मुलगा अतिशय सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, नॅचरलच आहे. जमिनीतूनच आलाय." आणि संताप याचा आला की तो तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नव्हता. दगड जमिनीतलाच होता. काच त्याच्या पोटात होती आणि तिच्याबद्दल मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. डबीत एक जाड कागदाचं कार्ड होतं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'वन ऑफ अ काइंड'.

हा लेख त्या कार्डाविरुद्ध आहे. दुकानाविरुद्ध लिहून काय होणार, तसली दुकानं गल्लोगल्ली आहेत. माझं भांडण 'एकमेव' या शब्दाशी आहे, आणि तो शब्द ऐकला की आपली पिढी जी विरघळते तिच्याशी.

त्याच दुकानात मी आधी आत्याबरोबर गेले होते. आत्याला पुष्कराज हवा होता. ट्रे समोर आला, पिवळे खडे, आणि विक्रेता म्हणाला, "गुरू बळकट होतो, सव्वापाच रत्तीचाच घ्या, खड्याचा स्पर्श बोटाला व्हायला हवा." पुढच्या महिन्यात मी त्याच्याबरोबर गेले, म्हणजे ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याच्याबरोबर. तोच ट्रे आला. शपथेवर सांगते, तोच. कोपऱ्यातला टवका मला ओळखीचा होता. या वेळी गुरू गायब. "हे यलो सफायर बघा. असा दुसरा पीस मिळणार नाही. तुमच्या पर्सनॅलिटीला सूट होईल." आत्याला भीती विकली, मला कौतुक विकलं. मी घरी येऊन आत्याला अंधश्रद्धाळू म्हणाले, यावर ती आजही हसते. तिचा मुद्दा असा की तिला निदान कोणत्या ग्रहासाठी पैसे मोजले ते ठाऊक होतं.

आता 'एकमेव'कडे येऊ. जमिनीतून आलेला प्रत्येक रंगीत खडा एकमेवच असतो. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची, कुरुंदाची, रूपं. ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये किंचित क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळा. हे प्रमाण, वाढतानाचं तापमान, मध्येच अडकलेले दुसऱ्या खनिजांचे स्फटिक हे सगळं दोन खड्यांत सारखं येत नाही. तेव्हा 'एकमेव नैसर्गिक खडा' म्हणजे 'ओलं पाणी'. त्या शब्दाचे वेगळे पैसे लावणं ही चलाखी, आणि ते आनंदानं देणं हा आपला बावळटपणा.

गंमत म्हणजे जगातली सगळ्यात गाजलेली रंगीत खड्याची अंगठी, १९८१ साली डायानानं निवडलेली श्रीलंकेच्या नीलमाची, एका जवाहिऱ्याच्या कॅटलॉगमधली होती. ज्याच्याकडे पैसे असतील त्यानं घ्यावी. त्यावर तेव्हा नाकं मुरडली गेली होती म्हणतात. आज लोक तिची नक्कल बोटात घालतात आणि तिला 'युनिक' म्हणतात.

आपलं दुसरं ढोंग याहून वाईट. आपल्याला खडा एकमेव हवा आणि आत काहीही नको. 'आय-क्लीन', स्वच्छ, काचेसारखा. अरे, मग काचच घ्या ना! खड्याला वेगळेपण देतं ते त्याच्या आतलंच. न तापवलेल्या नीलमात रूटाइलच्या इतक्या बारीक सुया असतात की त्या धुक्यासारख्या दिसतात. व्यापारात त्यांना रेशीम म्हणतात. खूप तापवलं की हे रेशीम विरघळतं, रंग खुलतो, खडा स्वच्छ होतो. म्हणून प्रयोगशाळेतला माणूस सूक्ष्मदर्शकाखाली आधी रेशीम शोधतो: ते शाबूत असेल तर खडा भट्टीत गेला नसण्याची शक्यता मोठी. पाचूच्या आतल्या जाळीला फ्रेंच लोक बाग म्हणतात. आपल्याकडे त्याच जाळीला दोष म्हणायचं आणि मग ती झाकायला पाचूला तेल पाजायचं. बाजारातल्या बहुतेक पाचूंना ते पाजलेलं असतंच.

तेल पाजणं किंवा नुसतं तापवणं याला माझा विरोध नाही. बाजारातले बहुसंख्य नीलम तापवलेलेच असतात आणि तो रंग टिकतो. माझं म्हणणं एवढंच की सांगा. तापवलंय, तेल आहे, काच आहे, काय असेल ते बिलावर लिहा आणि किंमत त्याप्रमाणे लावा. प्रयोगशाळेत बनवलेल्या माणकाचंही तसंच. ऑग्यूस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये ज्योतीतून माणिक घडवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून ते मुबलक आहे. रसायन तेच, काठिण्य तेच. तसं सांगून विकलेलं बनवलेलं माणिक मी माझ्या त्या 'नॅचरल'पेक्षा शंभर वेळा घेईन. ते निदान आगीत माणकासारखं वागलं असतं.

"पण हॉलमार्क होता ना?" हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारला. हॉलमार्क सोन्याचा असतो. तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल चकार शब्द नाही. आणि दुकानानं स्वतः छापलेलं गुळगुळीत कार्ड म्हणजे रिपोर्ट नव्हे. रिपोर्ट स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा, आणि त्यात प्रक्रियेची ओळ आधी वाचायची. वजन आणि रंग नंतर.

मूळ ठिकाणाचा नखरा तर विचारू नका. काश्मीरचा नीलम! पाडरच्या डोंगरात १८८१ च्या सुमारास दरड कोसळून तो उघडा पडला आणि पाच-सहा वर्षांत मुख्य साठा जवळजवळ संपलासुद्धा. तरी आज कोणत्याही शहरात 'काश्मिरी' खडा मागा, विक्रेता ट्रेकडे हात नेतोच. 'बर्मा' म्हटलं की माणकाची किंमत चढते. त्या नावामागे मोगोकच्या खाणी आहेत आणि त्या खाणींमागे लष्कर. अमेरिकेनं २००८ मध्ये तिथल्या माणकांच्या आयातीवर बंदी घातली, २०१६ मध्ये उठवली, २०२१ च्या लष्करी बंडानंतर तिथल्या सरकारी रत्न-कंपनीवर पुन्हा निर्बंध आले. रिपोर्टवरचं ठिकाण भूगर्भाबद्दल बोलतं. तो दगड कोणी उपसला, त्याला दिवसाचे किती मिळाले, याचा रकाना त्यात नसतो. प्रेमाची निशाणी म्हणून आपण जो शब्द अभिमानानं उच्चारतो, त्याबद्दल एवढं तरी ठाऊक असावं.

आईचा आक्षेप वेगळा होता आणि तो मला आजही खोडता आलेला नाही. ती म्हणाली, "सोनं मोडता येतं. खडा कोण घेणार परत?" खरंय. अडीनडीला अंगठी मोडायला नेली तर सराफ आधी खड्याचं वजन वजा करतो. रंगीत खडा ही गुंतवणूक आहे असं जो सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. ज्या बायकांनी दागिने मोडून पोरांच्या फिया भरल्या, त्यांनी एकमेवपणाची हौस केली नाही हे शहाणपणच होतं. तिच्या बांगड्या शेजारणीच्या बांगड्यांसारख्याच आहेत आणि त्यात तिला काही कमी वाटत नाही. मला वाटतं. हौस आहे म्हणूनच करतेय, आणि हौसेला गुंतवणुकीचा मुखवटा घालायचा नाही एवढं ठरवलं.

मधल्या काळात मला एक झटका आला होता की खडा आपल्या मातीतलाच घ्यायचा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट मिळतं, इतकं निळं की जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे असतात. पण त्याचं काठिण्य तीन ते चार. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, त्याचं सात. स्कूटरवरून कात्रजला जाऊन येईपर्यंत अंगठीतल्या खड्याची दशा झाली असती. बेसाल्टच्या पोकळ्यांत ते शोभतं, तिथेच राहू दे.

शेवटी घेतला तो स्पिनेल. राखाडीकडे झुकणारा जांभळा, १.४ कॅरेट, तापवल्याची खूण नाही असं रिपोर्ट म्हणतो. बहुतेक स्पिनेल तापवत नाहीतच. काठिण्य आठ, रोज घालायला पुरे. विकणारा म्हणाला श्रीलंकेचा. असेल, मी पैज लावणार नाही. त्याच्या दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळेच खडे देखणे होते, म्हणून मी तीन पुड्या उघडून त्याला जिन्यात नेलं, खिडकीच्या उजेडात. एक मधोमध फिका पडला, पैलू उथळ पाडलेले, आरपार बोट दिसत होतं. दुसरा काळवंडला. हा तिसरा जिन्यात उलट बरा दिसला, ढग भरून आलेल्या संध्याकाळसारखा. भिंगातून पाहिलं तर एका कडेला रेघ, तीत ओळीनं बसलेले बारीक ठिपके. विक्रेता घाईनं म्हणाला, "कोंदणात झाकली जाईल, दिसणार नाही."

मी त्याला सांगितलं, झाकायची नाही.

स्पिनेलला कोणी विचारत नाही कारण तो नवरत्नांत नाही. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागी बसलेलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' प्रत्यक्षात लाल स्पिनेल आहे. शतकानुशतकं दोन्हींना माणिकच समजत आले. मग रसायन कळलं आणि मुकुटातला दगड तोच राहून त्याचं नाव तेवढं उतरलं. आत्यानं खडा हातात घेऊन विचारलं, "हा कोणत्या ग्रहाचा गं?" म्हटलं, कोणत्याच नाही. तिनं तो उजेडात धरला, दोनदा फिरवला. "मग बरंय," म्हणाली, "काढून ठेवलास तरी कोणी कोपणार नाही."

अंगठी घडवायला सोनारकाकांकडेच दिली. त्यांनी या वेळी आधी रिपोर्ट मागितला, चष्मा वर करून पूर्ण वाचला, समजला नाही ते मला विचारलं. मग कोंदण मेणात घडवून, ओतून, घासून पूर्ण होईपर्यंत खडा पुडीत बांधून वेगळा ठेवला आणि पुडीवर पेन्सिलीनं लिहिलं: 'ताई. आग लावू नये.'